लंडनचा नंबर

कर्वेनगर, पुणे
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय रशीदा,

धडधडत्या छातीने लिहिते आहे, अक्षर समजून घे. माझा आमोद पुण्यात आहे!

हो, पुण्यात. डॅलसला नाही. काल रविवारचा त्याचा फोन आला तो नेहमीच्या वेळी, पण नेहमीच्या नंबरावरून नाही. चष्मा लावून बघते तर शून्य दोन शून्य! सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर काढलेल्या बाईला शून्य दोन शून्य म्हणजे काय हे कुणी सांगायला हवं का? आपल्याला पहिल्याच आठवड्यात घोकवलं होतं ना, नंबर म्हणजे तार, तार म्हणजे खांब आणि खांब म्हणजे पत्ता. माणूस खोटं बोलेल, नंबर बोलत नाही.

मी साळसूदपणे विचारलं, "काय रे, कुठून बोलतोस?" तर म्हणतो, "घरून, आई." घरून म्हणे! आणि मागे एक बाई मराठीतून कडाकडा भांडत होती. डॅलसमध्ये मराठीत कोण भांडणार? आमची सूनबाई सलोनी भांडते ती इंग्रजीत, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला आणि मटकन कॉटवर बसले.

काय झालं असेल गं? नोकरी गेली असेल? सलोनीशी बिनसलं असेल? आणि पुण्यात येऊन आईला तोंडही दाखवू नये असं मी काय केलंय? सकाळपासून सारखी गॅलरीत जाते आहे, खाली उभा असेल म्हणून. शेजारच्या इंदुबाईंनी विचारलंच, काय हो, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, पोस्टमनची. त्या म्हणाल्या, मग खुर्ची घेऊन बसा, उभ्याने व्हायचं काम नाही ते.

तुला फोन करणार होते, पण आपला करार आहे. खाजगी गोष्ट फोनवर काढायची नाही. लाईनवर कोण कान लावून बसतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत? आपणच बसायचो. शिवाय तुझा डावा कान त्या हेडफोनने गेलेला. उजव्याने अर्धं ऐकतेस आणि उरलेलं पदरचं घालतेस. तेव्हा पत्रच बरं.

तुझ्या मिसबाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. तिला विचार, हा नंबर पुण्यात नेमका कुठे वाजतो ते शोधता येईल का. चिठ्ठीवर लिहून सोबत जोडला आहे. पोरीच्या लग्नाच्या धामधुमीत तुझ्यामागे हे लावते आहे, पण मला दुसरं आहे कोण?

तुझी
आनंदी


विश्रांतवाडी
गुरुवार, ९ जानेवारी

आनंदीबाई,

तुझं पत्र वाचून मीही हबकले होते, चहा होईपर्यंत. मग मिसबाला दाखवलं तर ती पोट धरून हसली. बये, तुझा आमोद डॅलसमध्येच आहे. गॅलरीतल्या फेऱ्या बंद कर, गुडघे जातील.

तिने मला ओट्यावर वाटी आणि चमचा मांडून समजावलं, ते तुला सांगते. आता नंबर तारेवर नसतो म्हणे, इंटरनेटवर असतो. कुठलीतरी कंपनी तुला पुण्याचा नंबर देते. नुसता नंबर, ना तार ना डबा. ही झाली वाटी. तुझ्या मोबाइलात सिम असतं ते भलत्याच कंपनीचं. तो चमचा. त्या सिमचं नेट चालू असलं की झालं, चमचा नेशील तिथे वाटी वाजते. नंबर एका गावचा, सिम दुसऱ्या गावचं आणि माणूस तिसऱ्याच गावी! मी म्हटलं, तोबा तोबा, मग आम्ही ज्या बोर्डापुढे हाडं झिजवली ते काय होतं? तर म्हणते, अम्मी, ते म्युझियम होतं.

आमोदने हा नंबर तुझ्यासाठीच घेतला असणार, तू लावलास तर तुला परदेशाचा दर पडू नये म्हणून. सरळ विचार ना त्याला. मुलगा असा गुणाचा आणि आई निघाली सीआयडी.

एक मात्र झालं. हे सगळं सांगता सांगता मिसबा एकदम गप्प झाली. डोळ्यांत पाणी. निकाह पुढच्या महिन्यात सोळाला, माहेर सुटणार, मी समजू शकते. मी तिला जवळ घेतलं तर आणखीच रडली.

माझं दुःख विचारशील तर तन्वीरचं. बहिणीच्या निकाहाला येत नाही म्हणतो. लंडनच्या साहेबाने रजा नाकारली. मी म्हटलं, साहेबाला बहीण नाही का रे? एकुलता एक भाऊ आणि ऐन निकाहात नाही! शहेजादचे वडील, म्हणजे मिसबाचे होणारे सासरे, प्रत्येक भेटीत विचारतात, "लंडनवाले केव्हा येणार?" त्यांनी आमचं घर पसंत केलं त्यात या लंडनचा हात आहेच, मी काही दूधखुळी नाही. पण ते राहू दे. मलाच तो हवा आहे गं. उन्हाळ्यापासून व्हिडिओवरही दिसलेला नाही, खोलीत नेट कमी येतं म्हणतो. नुसता आवाज. दर शुक्रवारी पडद्यावर अधिक चव्वेचाळीस उमटलं की माझा उजवा कान आपोआप पुढे होतो. त्याचा नंबर अस्सल लंडनचा हो, तुझ्या आमोदसारखा भेसळीचा नाही.

मला हॉलची सजावट नको, बिर्याणीची वाहवा नको. पोरगा तेवढा बहिणीशेजारी उभा दिसू दे. दुआ कर.

तुझी
रशीदा


कर्वेनगर
मंगळवार, १४ जानेवारी

प्रिय रशीदा,

तिळगूळ घे. पुडी सोबत आहे. पोस्टात चुरा झाला असेल तर चमच्याने खा.

तुझी मिसबा म्हणाली तेच खरं निघालं. मी आमोदला विचारलं, तर तो इतका हसला की सलोनी स्वयंपाकघरातून धावत आली. भांडणारी बाई टीव्हीच्या मालिकेतली होती. आमची सलोनी मराठी मालिका बघते, हा मला दुसरा धक्का. मी दोघांना चार शब्द सुनावले आणि जीव भांड्यात पडला.

हा नंबर कसा घ्यायचा, फोनवर कसा बसवायचा, हे तुला कुणी शिकवलं असं मी सहज विचारलं. त्याने सांगितलं. आहे कुणी मित्र. जाऊ दे.

रशीदा, एक सुचवू? तन्वीरला फार गळ घालू नकोस. बाहेरच्या नोकऱ्या, त्यातलं त्यांचं त्यांना माहीत. नाही आला तर नाही आला. आणि चिडू नकोस त्याच्यावर. जिथे आहे तिथे सुखात असला म्हणजे झालं. तू त्याला कधी विचारतेस का, बाबा रे, तुझं बरं चाललंय ना? मी आपलं म्हणते हं.

यंदा थंडी फार आहे. स्वेटर घालत जा.

तुझी
आनंदी


विश्रांतवाडी
शुक्रवार, १७ जानेवारी

आनंदी,

लंडनमध्ये पाण्याची मोटर असते का गं?

काल तुझं पत्र आलं तेव्हा मी भयंकर चिडले होते. माझ्या पोराला मी बोलावू नको, हे मला सांगणारी तू कोण? आज सकाळी उठून तुला खरमरीत लिहिणार होते. आता दुसरंच लिहिते आहे.

काल गुरुवार, पाणी बंद. तुमच्याकडेही असेल. आज सकाळी पाणी आलं आणि आळीतल्या सगळ्या मोटरी घरघरायला लागल्या. तेवढ्यात तन्वीरचा फोन. अधिक चव्वेचाळीस. मी त्याला शेरवानीचं माप विचारत होते, आणि तो मध्येच फोन बाजूला धरून ओरडला, "ओ काका, मोटर बंद करा, टाकी वाहतेय!"

मग शांतता. त्याच्याकडे आणि माझ्याकडेही. मी म्हटलं, कोण काका रे? म्हणतो, टीव्ही आहे, अम्मी. टीव्हीला कुणी काका म्हणून हाक मारतं? माझा डावा कान गेलाय, पण फोन मी उजव्या कानाला लावते आणि तो शाबूत आहे. मी विचारलं, तिकडे बर्फ पडतोय का? तर गप्प. आनंदी, आपण ऑपरेटर. लाईनवर माणूस गप्प बसला की तो कशासाठी गप्प बसलाय हे ओळखण्यात आपला जन्म गेला.

फोन ठेवला आणि मी ओट्याशी जाऊन वाटी-चमचा काढला. पुण्याचा नंबर डॅलसला वाजतो ना? मग लंडनचा नंबर कुठे कुठे वाजेल? पुढे विचारच करवेना. पण गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी टाकी वाहणारी, असं जगात मला एकच शहर माहीत आहे.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. "जिथे आहे तिथे." तुला माहीत आहे. आमोदला हे ज्याने शिकवलं त्याचं नाव लिही. तुला शपथ आहे. मिसबाला विचारायची माझी हिंमत नाही आणि तिच्या अब्बांना सांगितलं तर त्यांना काय होईल या भीतीने गप्प आहे. उलट टपाली लिही.

रशीदा


कर्वेनगर
सोमवार, २० जानेवारी

रशीदा,

आधी खाली बस, पाणी पी, मग वाच.

तन्वीर पुण्यात आहे. उन्हाळ्यापासून. धायरीत राहतो.

आमोद बोलता बोलता बोलून गेला, "अगं, तन्वीरनेच तर बसवून दिलं सगळं. तो स्वतः नाही का धायरीत बसून लंडनचा नंबर वापरत." आणि जीभ चावली. मग मी त्याला सोडते होय! लंडनची ती कंपनी बंद पडली, दुसरी नोकरी मिळेना आणि तिकडे राहायची मुदत संपली. परत आला. नऱ्ह्यात एका गोदामावर सुपरवायझर आहे आणि धायरीत दोघांतिघांबरोबर खोली घेऊन राहतो. इथलं साधं सिम घेतलंय आणि त्याच्याच नेटवर लंडनचा नंबर चालू ठेवलाय, तुझ्यासाठी. रिचार्ज संपला तर तुझा फोन लागणार नाही म्हणून दुसऱ्या कशाचा नाही इतका तो त्याचा हिशेब ठेवतो म्हणे. हे ऐकून मला त्याचा राग यावा की काय यावं, कळेना.

मी ऐकलं ते संक्रांतीच्या आधी. तुझ्या घरात लग्न, म्हणून गप्प राहिले, आणि गप्प राहताही येईना म्हणून ते वेड्यासारखं पत्र लिहिलं. चुकलंच माझं. पण आमोद आणि तन्वीर, आपली ड्युटी असली की एका ताटात जेवलेली पोरं. एकाने दुसऱ्याला शब्द दिला होता.

मी आमोदला विचारलं, आईपासून कशाला लपवायचं? तो म्हणाला, तन्वीरला तिची भीती वाटते. हे आमोदचे शब्द, माझे नाहीत. अर्थात खोटे आहेत असंही मी म्हणत नाही.

पत्ता मागे लिहिला आहे. जाशील तर ओरडू नकोस. आधी बघ त्याला.

आनंदी


विश्रांतवाडी
सोमवार, २७ जानेवारी

आनंदी,

काल गेले होते. दार मिसबाच्या अब्बांनी उघडलं.

पुन्हा वाच, मीही लिहून पुन्हा वाचलं. दर रविवारी हे कॅम्पात दोस्ताकडे कॅरम खेळायला जातात. मी त्यांना सांगितलं होतं, लक्ष्मी रोडला जाते, मिसबाच्या ओढण्या बघायला. बस बदलून धायरीला उतरले, विचारत विचारत जिना चढले, वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जमवून ठेवलं होतं. बेल वाजवली आणि समोर माझा नवरा, बनियनवर, हातात पाव!

मी म्हटलं, "हा कॅम्प?"

ते म्हणाले, "तू लक्ष्मी रोडला होतीस ना?"

असे आम्ही दोघं, ते उंबऱ्याच्या आत आणि मी बाहेर. वरच्या मजल्यावरच्या एका बाईने जाता जाता विचारलं, "काय हो, घर सापडत नाहीये का?"

आत गेले. टेबलावर माझा डबा, त्यात माझे शामी कबाब. आणि तन्वीर. वाळलाय गं. कानशिलावर पांढरे केस आलेत, या वयात. मला बघून उठून उभा राहिला, साहेब तपासणीला आल्यासारखा, आणि म्हणाला, "सलाम, अम्मी." घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, तुझ्यासाठी मराठीत लिहिते. पण "अम्मी" तो ज्या आवाजात म्हणाला ते मला कुठल्याच बोलीत लिहिता येणार नाही.

मी विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

त्याच्या अब्बांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मी, मिसबा, आमोद, आमोदची बायको." मी म्हटलं, आनंदीही धरा. ते म्हणाले, हो का? मग ती. मी म्हटलं, मग राहिलं कोण?

"तू," ते म्हणाले.

नवरा, मुलगी, मैत्रीण, सातासमुद्रापलीकडची तुझी सून, सगळ्यांना ठाऊक, आणि त्याला पोटात वाढवलेल्या बाईला तेवढा लंडनचा नंबर! मी म्हटलं, का रे? मी काय राक्षसीण आहे?

तो खाली बघत म्हणाला, "अम्मी, आळीतल्या भीमरावकाकांचा रतन दुबईहून परत आला तेव्हा तू मला फोनवर काय म्हणाली होतीस?"

मला आठवेना. त्याला शब्दन्‌शब्द पाठ. "जाताना घोड्यावरून गेला, येताना गाढवावरून आला. आता त्याच्या आईने तोंड कुठे लपवायचं?" मी म्हणे हसत हसत म्हटलं होतं. म्हटलंच असणार, माझी जीभ मला माहीत आहे. त्या वेळी त्याच्या हातात परतीचं तिकीट होतं, आनंदी. तो मला तेच सांगायला फोन करत होता.

मग त्याच्या अब्बांनी बेत सांगितला. सगळं ठरलंय. लग्नाच्या आदल्या दिवशी तन्वीरला लोहगावच्या विमानतळावरून टॅक्सीने आणायचं, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर तर आहे. बॅगेला लावायची विमानाची पट्टीसुद्धा जपून ठेवली आहे. चार दिवस लंडनवाला म्हणून वावरेल, मग परत "लंडनला". शहेजादच्या घरच्यांना आत्ता खरं कळलं तर निकाह मोडेल, मिसबाचं काय होईल, तूच सांग, म्हणाले.

मी काही बोलले नाही. मी! कबाब तसेच ठेवून उठले आणि बसस्टॉपवर येऊन बसले.

तुझ्यावर रागावले आहे. पण सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

रशीदा


कर्वेनगर
शनिवार, १ फेब्रुवारी

रशीदा,

तुझा राग डोक्यावर घेते. त्यातच माझा पाय मोडला आहे. आमच्या दारासमोरचा रस्ता महापालिकेने पुन्हा खणलाय, का ते त्यांनाही माहीत नाही. त्यात पाय गेला आणि आता गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मिसबाच्या निकाहाला मी येऊ शकत नाही याचं मला रडू येतंय.

तुझ्या नवऱ्याचं, रज्जाकभाईंचं ऐक. चार दिवस गिळून टाक. तुला तो शेजारी उभा हवा होता ना? उभा राहील. लंडनचा काय आणि धायरीचा काय, त्याच्या अंगावर थोडंच लिहिलंय? पाहुणे जेवून जातील आणि विसरतील. पण मांडवातून वरात परत गेली तर मिसबा कुठे जाईल? तिचा विचार कर. नंतर सवडीने खरं सांगू.

तू बोलू नकोस म्हणजे झालं. हे तुला सांगणं म्हणजे वाऱ्याला थांब म्हणणं आहे, तरी सांगते.

तुझी
आनंदी


विश्रांतवाडी
मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रिय आनंदी,

तुझा पाय कसा आहे? माझं ऐकायला तू तिथे हवी होतीस.

मी तुझं ऐकलं होतं. खरंच. शनिवारी टॅक्सी आली, बॅगेवर पट्टी, तन्वीर उतरला, शेजारपाजार गोळा झाला. चंद्रभागाबाईंनी विचारलं, तिकडे थंडी कशी आहे रे? तो म्हणाला, आहे. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हटलं, विमानात झोप झाली का बाळा? किती सहज बोलले गं मी! माझंच मला नवल वाटलं. मिसबा दारात उभी होती, ती आत निघून गेली.

रविवारी हॉल भरला. मध्ये पडदा, अलीकडे आम्ही बायका, पलीकडे पुरुष. मिसबा माझ्याजवळ. काझीसाहेबांनी निकाहनामा पुढे घेतला. मुलीकडचा एक गवाह, म्हणजे साक्षीदार, तिचा भाऊ. पडद्याच्या फटीतून मला शेरवानीतला तन्वीर दिसत होता. शेरवानी खांद्यात सैल झालेली.

काझीसाहेबांनी विचारलं, "गवाहाचं नाव?"

"तन्वीर रज्जाक तांबोळी."

"राहणार?"

तन्वीर गप्प. मी सांगते तुला, ती तीच शांतता होती, मोटरीनंतरची. शहेजादच्या वडिलांना वाटलं, मुलगा लाजतोय. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लिहा काझीसाहेब, लंडन लिहा! अभिमानाने लिहा!" आणि काझीसाहेबांनी पेन टेकवलं.

फोन ही वेगळी गोष्ट, आनंदी. टॅक्सी, पट्टी, थंडी, तेही मी गिळलं होतं. पण निकाहनाम्यात खोटा पत्ता? माझ्या पोरीचा संसार ज्या कागदावर उभा राहणार, त्यावर तिच्या भावाने खोटं लिहून द्यायचं? आणि तो तिथे मान खाली घालून बसला होता, आपण कुठे राहतो हे सांगायची त्याला लाज वाटत होती. ती लाज त्याला मी दिली होती. मला राहवेना.

मी पडदा बाजूला केला. "काझीसाहेब, थांबा. धायरी लिहा."

अख्खा हॉल वळला. मिसबाच्या अब्बांच्या हातातला सरबताचा पेला कलंडला. मी म्हटलं, "माझ्या मुलाची लंडनची नोकरी गेली. उन्हाळ्यात परत आला. नऱ्ह्याच्या गोदामावर कामाला आहे, धायरीत राहतो. फोनचा नंबर लंडनचा आहे, मुलगा पुण्याचा आहे." एवढंच. आवाज ट्रंक बोर्डावरचा निघाला.

मग काय गदारोळ! शहेजादचे चुलते उठून उभे, "हा धोका आहे" म्हणाले. कुणी म्हणालं, आणखी काय काय लपवलंय विचारा. शहेजादचे वडील पांढरेफटक. ते शहेजादला घेऊन बाहेर गेले. मी मिसबाचा हात धरला तर बर्फासारखा. मला वाटलं, संपलं. मी माझ्या हाताने पोरीचं वाटोळं केलं. तिच्याकडे बघायचं धाडस होईना. ती हळूच म्हणाली, "अम्मी, बरं केलंस." अगं, नवरा मुलगा परत येतो की नाही याचा पत्ता नाही, आणि ही म्हणते बरं केलंस!

किती वेळ गेला देव जाणे. आधी शहेजाद आत आला. आला आणि आपल्या जागेवर बसला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "काझीसाहेब, माझा निकाह मिसबाशी आहे ना? मग चालू करा." मागोमाग वडील आले. तोंड फुगलेलं. आमच्याकडे बघितलं नाही. पेनकडे बोट करून म्हणाले, "लिहा धायरी. पिनकोडसकट लिहा, पुन्हा घोळ नको." अजूनही ते आमच्याशी धड बोलत नाहीत, जेवणावरून अर्धवट उठले. ते मला सोसावं लागेल, सोशीन.

तन्वीरने सही केली. निकाह झाला, खजूर वाटले, गळाभेटी झाल्या. मी मनाशी तयारीत होते, आता हा माझ्यावर उसळणार. भरल्या हॉलमध्ये त्याची लाज काढली मी, चार माणसांत. तो पुरुषांमधून वाट काढत पडद्यापाशी आला. उभा राहिला.

"अम्मी," तो म्हणाला, "मग आता मी घरी येऊ का?"

आनंदी, इतक्या दिवसांत मी काय कमी धक्के खाल्ले? पण या प्रश्नाने मी पार खचले बघ. स्वतःच्या घरी यायला माझं पोर माझी परवानगी मागत होतं. रोज गोदामातून सुटून त्या खोलीकडे जाताना हेच विचारत असेल का गं ते, मनातल्या मनात?

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. मिसबाचे अब्बा सांगतात, मी आधी त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि मग तिथेच, काझीसाहेबांसमोर, त्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.

आज सकाळी त्याची गादी माळ्यावरून काढून गच्चीत उन्हात टाकली आहे. कापूस पार दबलाय, पिंजून घ्यावा लागेल.

तुझी
रशीदा